परदेशी पेटंटं नेमकं काय मोजतात?

रायपूरच्या गोल बाजारात हळद अजूनही गाठींच्या रूपात, पोत्याचं तोंड उघडं ठेवून विकली जाते. जुना दुकानदार न सांगता एक गाठ मोडतो आणि आतला रंग दाखवतो. गाठ कडक आवाजात तुटली आणि आत गर्द नारिंगी निघाली, तर भाव ठरतो. चिवट निघाली, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे वळतं. पलीकडे हर्रा, बहेडा, चिरायता, गिलोय विकणारे बसलेले असतात. बारशापासून तेराव्यापर्यंत लागणारं सगळं सामान या बाजारात मिळतं, असं रायपूरकर सांगतात. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतली हळदही पिढ्यान्‌पिढ्या इथूनच आली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला लावायची, विळीवर बोट कापलं की दाबून धरायची आणि रोजच्या वरणात घालायची, ती हीच.

28 मार्च 1995 रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने या हळदीवर 54,01,504 क्रमांकाचं पेटंट मंजूर केलं. मालकी होती मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची. पेटंटचा पहिला दावा थोडक्यात असा होता: रुग्णाला पुरेशा प्रमाणात हळदीची पूड देऊन त्याची जखम भरून आणण्याची पद्धत. पुढच्या दाव्यांत ती पोटातून द्यावी की वरून लावावी, याचा तपशील होता. पेटंटवर संशोधक म्हणून ज्या दोघांची नावं होती, ते दोघेही भारतीय वंशाचे होते.

आता हिशेबाकडे पाहू. अमेरिकेने 1995 मध्ये लाखभर पेटंटं दिली आणि हळदीचं पेटंट त्यांपैकी एक होतं. कोणत्या देशाला किती पेटंटं मिळाली, हा तक्ता करताना अमेरिकी कार्यालय पहिल्या नोंदवलेल्या संशोधकाचा राहता देश धरतं. त्यामुळे जखमेवर हळद लावण्याचं ज्ञान त्या वर्षी अमेरिकेच्या नवनिर्मितीच्या खात्यावर जमा झालं. दोन वर्षांनी हे पेटंट रद्द झालं. पण नंतर रद्द झालेली पेटंटं अशा तक्त्यांतून कोणी मागे जाऊन वजा करत नाही.

हे पुस्तक त्या तक्त्यांबद्दल आहे. एखादा देश किती कल्पक आहे, हे त्याच्या नागरिकांनी आणि कंपन्यांनी परदेशांत मिळवलेल्या पेटंटांवरून मोजण्याची पद्धत गेल्या अर्धशतकात इतकी रूढ झाली आहे, की वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, अर्थसंकल्पाच्या भाषणांत आणि विद्यापीठांच्या मूल्यांकनात तिचा आधार सर्रास घेतला जातो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढची प्रकरणं वाचताना वाचकाला ते पारखून घेता येईल. दुसऱ्याच्या दारात जाऊन हक्क सांगण्याची ताकद एखाद्या देशाकडे किती आहे, हे परदेशी पेटंटांचा आकडा बऱ्यापैकी अचूक मोजतो. ती ताकद महत्त्वाची आहे आणि भारताने ती कमवायलाच हवी. पण त्या देशात नवं काय घडतं, कोण घडवतं आणि त्याचा उपयोग कोणाला होतो, हे त्या आकड्याला विचारलं तर तो चुकीचं उत्तर देतो. आपल्यासारख्या देशांच्या बाबतीत ही चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते.

आधी या मापाची बाजू नीट मांडायला हवी, कारण ते मूर्खांनी शोधलेलं नाही. पेटंट ही प्रत्येक देशापुरती मर्यादित सनद असते. भारतात मिळालेलं पेटंट जर्मनीत चालत नाही. तिथे पुन्हा अर्ज, पुन्हा भाषांतर, पुन्हा वकील आणि पुन्हा शुल्क. प्रत्येक देशाच्या कार्यालयाची चाळणीही वेगळी असते. कुठे तपासणी कडक, तर कुठे अर्ज केला की शिक्का. म्हणून देशांतर्गत पेटंटांच्या संख्येवरून दोन देशांची तुलना करता येत नाही. पण सगळ्या देशांचे अर्जदार एकाच दारात, म्हणजे अमेरिकेच्या किंवा युरोपच्या कार्यालयात आले, तर चाळणी एक होते. शिवाय परदेशात पेटंट घ्यायला लाखो रुपये लागतात. एवढा खर्च करणाऱ्याला आपल्या शोधातून काही मिळेल अशी आशा असते, तेव्हा फुटकळ अर्ज आपोआप गळतात. याच तर्काने अर्थशास्त्रज्ञांनी एकच शोध अमेरिका, युरोप आणि जपान या तिन्ही ठिकाणी नोंदवला असेल तरच धरायचा, असं आणखी कडक मापही तयार केलं. दक्षिण कोरिया आणि तैवान यांची अमेरिकेतली पेटंटं ज्या काळात वाढत गेली, त्याच काळात त्यांच्या कारखान्यांतून जगाला चिप आणि पडदे मिळू लागले. तिथे आकडा आणि वास्तव हातात हात घालून चालले. झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने 1990 मध्ये पेटंट-आकडेवारीचा जो मोठा आढावा घेतला, त्यात त्याने या मापाची उपयुक्तता आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तपशिलाने नोंदवल्या. नंतरच्यांनी उपयुक्तता उचलली आणि मर्यादा तिथेच सोडल्या.

भारतात हा आकडा राष्ट्रीय ध्येय म्हणून ज्यांनी रुजवला, ते डॉ. रघुनाथ माशेलकर मराठी माणूस, जन्म गोव्यातल्या माशेलचा. 1989 ते 1995 या काळात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते आणि पुढे 2006 पर्यंत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक. त्यांच्या आधी आपल्या सरकारी प्रयोगशाळांत शोधनिबंध छापणं हेच अंतिम ध्येय होतं. निबंध छापला की शोध साऱ्या जगाचा झाला आणि त्यातून कारखाना काढणारे बहुतेक परदेशातले निघायचे. आधी पेटंट घ्या, मग छापा, असा आग्रह माशेलकरांनी धरला. पुण्याच्या प्रयोगशाळेने पॉलिकार्बोनेटच्या प्रक्रियेवर अमेरिकेत पेटंटं घेतली, तेव्हा त्याच धंद्यात असलेल्या जनरल इलेक्ट्रिकला या प्रयोगशाळेची दखल घ्यावी लागली आणि भागीदारी झाली. निबंधाने हे झालं नसतं. ज्या देशाला दोनशे वर्षं कच्चा माल पुरवणारा म्हणून पाहिलं गेलं, त्या देशाच्या शास्त्रज्ञाने समोरच्याच्या अंगणात हक्काचा खुंटा रोवणं ही मोठी गोष्ट होती. आज पेटंटांची मोजदाद कितीही खटकली, तरी त्या काळात हा आग्रह धरणं योग्य होतं, असंच मला वाटतं.

हळदीचं पेटंट उलटवणारेही माशेलकरच. ऑक्टोबर 1996 मध्ये सीएसआयआरने अमेरिकेत फेरतपासणीचा अर्ज केला. या लढाईत एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात राहिली आहे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेत माहीत असेल किंवा वापरात असेल, तर ती जुनी ठरे. अमेरिकेबाहेर ती कोट्यवधी लोक रोज वापरत असले, तरी त्याची गणती नव्हती. बाहेरचा पुरावा छापील हवा. म्हणजे गोल बाजारातून हळद आणून नातवाच्या गुडघ्याला लावणारी आजी त्या कार्यालयाच्या दृष्टीने पुरावाच नव्हती. म्हणून संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथांतले उतारे आणि 1953 मधला भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला लेख असे 32 संदर्भ गोळा करून द्यावे लागले. ऑगस्ट 1997 मध्ये सगळे दावे फेटाळले गेले. अमेरिकेच्या कायद्यातली ती भेदाची अट पुढे मार्च 2013 पासून गेली.

कडुनिंबाची गोष्ट वेगळी घडली, कारण तिथे चाळणी वेगळी होती. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपात कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळालं होतं. युरोपच्या नियमांत जगात कुठेही झालेला उघड वापर पुरावा म्हणून चालतो. त्यामुळे पुण्याच्या एका उत्पादकाची साक्ष निर्णायक ठरली. 1985 आणि 1986 मध्ये पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर त्याने कडुनिंबाच्या अर्काच्या चाचण्या घेतल्या होत्या. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झालं आणि मार्च 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. एकच देश, एकाच प्रकारचं ज्ञान. पण एका दारात छापील कागद लागला आणि दुसऱ्या दारात सांगलीच्या शेतात उभा राहिलेला माणूस पुरला. एकाच चाळणीचा हवाला देऊन परदेशी पेटंटांचा आकडा निष्पक्ष आहे असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा त्या चाळणीची भोकं कोणाच्या मापाने पाडली आहेत हेही विचारायला हवं.

या लढायांतून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाची अंकीय लायब्ररी सुरू झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतली सूत्रं इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश भाषांत मांडून ती परदेशी तपासनीसांच्या हाती देण्याचं हे काम. फार मोलाचं काम आहे. पण ते ढालीचं आहे आणि ढालीची नोंद नवनिर्मितीच्या कुठल्याही तक्त्यात होत नाही.

सीएसआयआरच्या पुढच्या काळाकडे मात्र डोळसपणे पाहायला हवं. पेटंटांची संख्या हे ध्येय झाल्यावर संख्या वाढली. 2016 मध्ये तत्कालीन महासंचालक डॉ. गिरीश साहनी यांनी स्वतःच प्रयोगशाळांना बजावलं, की यांतली बरीचशी पेटंटं निव्वळ बायोडेटासाठी घेतलेली आहेत, त्यांच्यावर सरकारचा पैसा खर्च होतो आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. हे शोध बाजारात नेण्यासाठी काढलेली सीएसआयआर-टेक ही कंपनी पैशाअभावी 2017 च्या सुरुवातीला बंद पडली. परदेशात पेटंट घेणं हा खर्चाचा पहिला टप्पा असतो, पुढे ते जिवंत ठेवायलाही पैसे लागतात. अमेरिकेत साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं, नाही भरलं की हक्क संपतो. कितीजणांनी साडेअकराव्या वर्षी शुल्क भरलं, हा आकडा मिळालेल्या पेटंटांच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. तो मथळ्यात कधी दिसत नाही.

आता पुन्हा रायपूरला यायला हवं, कारण या विषयाचा गाभा इथे भातात आहे.

डॉ. आर. एच. रिछारिया हे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशी बुटक्या जातींची घाईने आयात करण्याला, त्यांच्याबरोबर रोग येतील म्हणून त्यांनी विरोध केला आणि त्यांना पद सोडावं लागलं. पुढे 1970 च्या दशकात त्यांनी रायपूरला मध्य प्रदेश भात संशोधन संस्था उभी केली आणि छत्तीसगडच्या गावोगावी हिंडून शेतकऱ्यांकडचं धान जमवलं. सतरा हजारांहून जास्त नमुने झाले. कोणती जात कोणत्या जमिनीत, किती पाण्यात, किती दिवसांत येते आणि शेतकरी तिच्याबद्दल काय सांगतो, याची नोंद त्यांनी ठेवली. त्यांची संस्था पुढे बंद करण्यात आली आणि त्या सगळ्या कथेकडे 1986 मध्ये देशाचं लक्ष वेधलं ते गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी इलस्ट्रेटेड वीकलीत लिहून. रिछारिया 1996 मध्ये गेले. हा संग्रह आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आहे आणि तिथे आता 23 हजारांहून अधिक नमुने आहेत.

या संग्रहातलं एकही वाण कुठल्या परदेशी पेटंट-तक्त्यात नाही. पण त्यामागची बुद्धी किती सूक्ष्म आहे, ते एका उदाहरणावरून पाहा. छत्तीसगडच्या शेतांत करगा म्हणजे जंगली धान माजतं. रोप लहान असताना करगा आणि पेरलेलं धान यांत डोळ्याला फरक कळत नाही. निंदणीला बसलेली बाई काय उपटायचं हे ठरवूच शकत नाही. दाणा भरला की करगा आधी झडतो आणि पुढच्या वर्षीसाठी शेतात बी पेरून ठेवतो. यावर इथल्या शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ज्या जातीची पानंच जांभळी असतात अशी जात त्या शेतात पेरायची. मग शेतात जे हिरवं दिसेल ते करगा. उपटा. ना औषध, ना यंत्र, ना जास्तीचा खर्च. विद्यापीठानेही याच तत्त्वावर जांभळ्या पानांची श्यामला ही जात काढली. पेटंटच्या परिभाषेतल्या तिन्ही कसोट्या, म्हणजे नवेपणा, सहज न सुचणं आणि उपयोग, या युक्तीला लावून पाहा. ती जिने पहिल्यांदा केली तिच्या काळात ती तिन्हींवर उतरली असती. पण ती एका शिवारातून दुसऱ्या शिवारात गेली, नाव मागे न ठेवता.

2002 च्या अखेरीस याच संग्रहाबाबत विद्यापीठ आणि सिंजेंटा ही स्विस कंपनी यांच्यात करार होत असल्याची बातमी आली. रायपुरात शेतकरी, कार्यकर्ते, शास्त्रज्ञ सगळे उठले आणि डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली. हा करार झाला असता तर आकड्यांचं काय झालं असतं, हे विचार करण्याजोगं आहे. भारतीय पेटंट कायद्यात बियाणं आणि वाण यांवर पेटंट मिळत नाही. पण या जातींतल्या गुणांवर परदेशात काम होऊन तिथे पेटंटं निघाली असती, तर ती स्वित्झर्लंडच्या किंवा अमेरिकेच्या खात्यावर गेली असती आणि रायपूरच्या खात्यावर काहीच आलं नसतं. बासमतीच्या बाबतीत असा प्रसंग येऊन गेला होता. टेक्ससच्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर 1997 मध्ये बासमतीच्या वाणांवर आणि दाण्यांवर 20 दाव्यांचं पेटंट मिळालं आणि त्यांतले बहुतेक दावे भारताने पुरावे मांडल्यावर 2001 पर्यंत मागे घेतले गेले किंवा रद्द झाले.

रायपूरच्या किराणा दुकानांत तांदळाच्या पोत्यांवर जी नावं दिसतात, त्यांत दुबराज, जवाफूल, विष्णुभोग यांच्या रांगेत एचएमटी असतं. बारीक दाणा, शिजायला चांगला, खिशाला परवडणारा. रोजच्या जेवणासाठी हजारो घरं तो घेतात. हा तांदूळ एका मराठी माणसाने घडवला. दादाजी रामाजी खोब्रागडे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, दीड एकर जमीन, शिक्षण जेमतेम प्राथमिक. 1983 मध्ये पटेल-3 या जातीच्या आपल्या शेतात त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षं निवडत गेले. रानडुकरांपासून वाचवायला त्या तुकड्याभोवती काटेरी कुंपण घातलं. 1990 मध्ये हा तांदूळ तळोधीच्या बाजारात गेला, तेव्हा त्याला नावही नव्हतं. त्या काळी एचएमटी घड्याळाचं मोठं अप्रूप होतं, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव दिलं.

1994 मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण प्रसारित केलं. वाणाचं शुद्धीकरण आम्ही केलं, ही विद्यापीठाची भूमिका. मूळ निवड माझी, हे दादाजींचं म्हणणं. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांना मिळाला आणि 2010 मध्ये फोर्ब्जने त्यांची दखल घेतली. दादाजी थांबले नाहीत. नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, स्वतःच्या आद्याक्षरांचं डीआरके अशी आणखी वाणं त्यांनी दिली. 3 जून 2018 रोजी ते गेले, तेव्हाही घरची गरिबी होती तशीच होती. कारखान्यातल्या एखाद्या इंजिनिअरने एवढ्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात पोचलेले एवढे शोध लावले असते, तर त्याच्या नावावर किती पेटंटं असती! दादाजींच्या नावावर अमेरिकेत शून्य, युरोपात शून्य, जपानमध्ये शून्य. देशाची कल्पकता मोजणाऱ्या तक्त्यात ते जन्माला आलेच नाहीत. माणूस म्हणून मला याची चीड येते आणि ती या पुस्तकात लपवलेली नाही.

कोणी म्हणेल, शेतीचं उदाहरण घेतलं म्हणून असं दिसतं, कारखानदारीत आकडा बरोबर असेल. तर मुंबईच्या सिप्लाकडे पाहू. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधांवरचं पेटंट बंद करून फक्त प्रक्रियेवर ठेवलं. 2001 मध्ये सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरला देऊ केला, तेव्हा त्याची जागतिक किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे होती. सिप्लाने ही तीन औषधं एका गोळीत आणली. परदेशात तिन्हींची पेटंटं वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्यामुळे ती एका गोळीत कोणी आणत नव्हतं. आफ्रिकेत लाखो माणसं ज्या गोळीवर जगली, ती गोळी पेटंटांच्या तक्त्यात भारताच्या नावावर फारसं काही घालत नाही. पेटंट नसणं हीच तिची पूर्वअट होती.

असंच काही युरोपातही दिसतं. पेट्रा मोझर या अभ्यासकाने 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनातले शोध तपासले, तेव्हा ब्रिटिश प्रदर्शित वस्तूंपैकी जेमतेम नवांतल्या एका वस्तूवर पेटंट होतं. स्वित्झर्लंडमध्ये तर तेव्हा पेटंट कायदाच नव्हता आणि घड्याळं, अन्नप्रक्रिया, वैज्ञानिक उपकरणं यांत स्विस लोक पुढे होते. पेटंट नसलेल्या देशात कल्पक लोक कमी नसतात, फक्त गुपित राखता येईल अशा कामांकडे जास्त वळतात. याचा अर्थ पेटंटवरून मोजलं, की कोणते धंदे दिसतात आणि कोणते अदृश्य होतात हेही त्या मापानेच ठरतं.

मराठी वाचकाला शंकर आबाजी भिसे ठाऊक असावेत. मुंबईत 1867 मध्ये जन्मलेल्या या संशोधकाने लंडन आणि न्यूयॉर्कला जाऊन अक्षरजुळणीच्या यंत्रासह अनेक शोधांवर परदेशी पेटंटं मिळवली. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी धडपड केली, सर रतन टाटांनी पैसा घातला. 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा परदेशी पेटंटांच्या बाबतीत एकटे भिसे एखाद्या संस्थेइतके होते. पण त्या पेटंटांतून मुंबईत छापखान्यांचा उद्योग उभा राहिला नाही. आज बेंगळुरू आणि पुण्यातल्या परदेशी कंपन्यांच्या संशोधन केंद्रांतले आपले तरुण अमेरिकेत हजारो पेटंटं मिळवतात. 1985 मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत केंद्र काढल्यापासून हे सुरू आहे. पत्ता भारताचा, म्हणून ती भारताच्या नावावर मोजली जातात. मालकी आणि नफा कंपनीच्या मूळ देशात. हळदीच्या बाबतीत ज्ञान इथलं आणि आकडा तिकडचा होता, इथे आकडा इथला आणि हक्क तिकडचा आहे. दोन्हीकडे मोजमापात काहीतरी निसटतं.

देशाच्या आतल्या पेटंटांचं काय? जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये भारतीयांनी जगभरात 64,480 अर्ज केले, म्हणजे सहावा क्रमांक. त्याच वर्षी चीनचे अर्ज 16 लाखांच्या पुढे होते, पण त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक चीनमध्येच. तिथल्या प्रांतांनी वर्षानुवर्षं अर्जामागे अनुदान दिलं, त्यामुळे अर्जांचा पूर आला. 2021 मध्ये चीनच्याच पेटंट कार्यालयाने ही अनुदानं 2025 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे आदेश दिले. आपल्याकडे 2023-24 मध्ये एक लाख तीन हजार पेटंटं मंजूर झाली. वेग वाढला ही चांगली गोष्ट आहे. पण विद्यापीठांच्या मूल्यांकनात पेटंटला गुण मिळू लागल्यापासून महाविद्यालयांत कसे अर्ज भरले जातात, हे प्राध्यापकांनाच विचारावं.

म्हणून पुढच्या प्रकरणांत आकड्याला सोडचिठ्ठी दिलेली नाही. त्याच्याबरोबर काय विचारायचं, ते उलगडलं आहे. पेटंट कोणाच्या मालकीचं आहे, शोधाची जागा कुठली, शुल्क भरून ते जिवंत ठेवलं का, त्यावरून इथे काही बनतं का. शेवटच्या प्रश्नासाठी आपल्या कायद्यात आधीच सोय आहे. पेटंटधारकाला त्याचा भारतात वापर होतो की नाही, याचं निवेदन फॉर्म 27 मध्ये ठरावीक काळाने द्यावं लागतं. ते बारकाईने वाचण्याची सवय पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी लावून घेतली, तर खूप काही कळेल. शेतकऱ्यांच्या वाणांसाठी 2001 चा वाण संरक्षण कायदा आहे आणि त्याखाली शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर वाण नोंदवता येतं. सरगुज्याच्या जीराफूलला 2019 मध्ये आणि नगरीच्या दुबराजला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुबराजसाठी अर्ज केला तो धमतरी जिल्ह्यातल्या महिलांच्या बचत गटाने. या नोंदी परदेशी पेटंटांच्या शेजारच्या स्तंभात छापल्या, तर छत्तीसगड आणि विदर्भ यांचं चित्र एकदम वेगळं दिसेल. या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात तसे तक्ते मांडून पाहिले आहेत.

पहिलं प्रकरण न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालापासून सुरू होतं. तेव्हा भारतातली 80 ते 90 टक्के पेटंटं परदेशी लोकांच्या हाती होती आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेटंटांवर इथे काहीच तयार होत नव्हतं, असं त्यांना दिसलं. 1970 चा कायदा त्या निरीक्षणातून आला. एखाद्या देशातल्या पेटंटांचा आकडा त्या देशाबद्दल काय सांगतो, हा प्रश्न आपल्या देशात इतक्या गांभीर्याने पहिल्यांदा त्या अहवालात विचारला गेला, म्हणून वाचकाने सुरुवात तिथून करावी.